जुना लॅपटॉप तापून बसतोय. गोव्याच्या हवेत नवा गेमिंग लॅपटॉप काय बघून घ्यावा?

मांडवीकाठ

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सध्याचा लॅपटॉप: कोअर आय५ ९३००एच, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स (४ जीबी मेमरी), १६ जीबी रॅम, विंडोज ११. गेम सुरू केला की पाचेक मिनिटांत प्रोसेसर ९७ ते १०० अंशांवर. मग क्लॉक (प्रोसेसरचा वेग) ३.९ गिगाहर्ट्झवरून २.२ च्या आसपास कोसळतो आणि ७० चा फ्रेमरेट ३० वर येतो. साधा कूलिंग पॅड आहे, फरक नगण्य. खोलीत एसी नाही, दुपारी तापमान ३२.

बजेट १ लाख १० हजार, फारच पटलं तर १ लाख २५. वापर: व्हॅलरंट, सायबरपंक २०७७ आणि थोडं ब्लेंडर. लॅपटॉप फर्मागुडीचं हॉस्टेल आणि घर असा कदंब बसमधून ये-जा करणार, म्हणजे ३ किलोचं धूड नको. डोक्यात आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० ग्राफिक्स आहे. कुठली कंपनी कमी तापते?

पंखेवाला

कंपनीचं नंतर बघू. आधी जुन्याचं निदान करा, कारण तुम्ही दिलेली लक्षणं अडलेल्या पंख्याची आणि सुकलेल्या थर्मल पेस्टची (चिपची उष्णता हीटसिंकला, म्हणजे वरच्या धातूच्या भागाला, पोचवणारा लेप) आहेत. ९३००एच ची मर्यादा १०० अंशच आहे आणि त्याचा मूळ क्लॉक २.४. तो २.२ वर येतोय म्हणजे चिप जीव वाचवण्यासाठी स्वतःच्या मूळ वेगाच्याही खाली उतरतेय. ४५ वॅटची चिप ३२ अंशांच्या खोलीत इतकी तापायला नको.

एचडब्ल्यूइन्फो६४ हे तापमान-वॅट दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, फक्त सेन्सर्सची खिडकी उघडा. तीन ओळी बघायच्या: सीपीयू पॅकेज पॉवर, कोअर थर्मल थ्रॉटलिंग (तापल्यामुळे वेग कापला जातोय का), पंख्याचा वेग (सगळेच लॅपटॉप तो दाखवत नाहीत). २५ ते ३० वॅटलाच १०० अंश होत असतील तर उष्णता चिपपासून पुढे जातच नाहीये. दोष पेस्टचा, हीटसिंकच्या पकडीचा किंवा अडलेल्या जाळीचा. ४५ ते ५० वॅट खेचून १०० होत असतील तर मशीन तब्येतीने बरं आहे, फक्त त्याचा हीटसिंक लहान आहे.

साफसफाईचा क्रम:

लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढा. खालचे स्क्रू ज्या जागेचे त्याच जागेवर कागदावर मांडून ठेवा. लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला की मदरबोर्डला टोचतो. झाकण प्लॅस्टिकच्या पातळ कार्डाने उचकटा, स्क्रू ड्रायव्हरने नाही. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, बाकी सगळं त्यानंतर.

धूळ पाती आणि तांब्याच्या जाळीच्या मधोमध गादीसारखी बसलेली असते. बाहेरून ब्लोअर मारला तर ती गादी उलट पंख्यात शिरते. पंख्याचं झाकण काढून गादी चिमट्याने अख्खी उचला, मग ब्रश. ब्लोअर वापरायचाच असेल तर पाती बोटाने धरून ठेवा. हवेने पंखा बेफाम फिरला तर बेअरिंग खराब होतं.

हीटसिंकच्या स्क्रूंजवळ आकडे छापलेले असतात. काढताना उलट्या क्रमाने, बसवताना सुलट, आणि प्रत्येक स्क्रू एका दमात न पिळता दोन फेऱ्यांत. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पावसात ही बाटली उघडी ठेवू नका, ते हवेतलं पाणी ओढतं. मेमरीवरचे रबरी थर्मल पॅड फाटले नसतील तर हलवू नका. त्यांची जाडी अर्धा, एक, दीड मिलिमीटर अशी जागेप्रमाणे बदलते आणि चुकीच्या जाडीचा पॅड बसवला की हीटसिंक चिपवर टेकतच नाही.

पेस्टऐवजी पीटीएम७९५० ची शीट मिळाली तर तीच लावा. साधारण ४५ अंशांना ती मऊ होते, गार झाली की पुन्हा घट्ट, त्यामुळे रोजच्या ताप-गारीत चिपच्या कडेला वाहून जात नाही. लॅपटॉपच्या उघड्या चिपवर पातळ पेस्टचं हेच होतं, म्हणून काही महिन्यांत आकडे पुन्हा चढतात. शीट लावण्याआधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर वरची फिल्म सोलताना तीच फाटते. नकली शीट पुष्कळ आहेत, अति स्वस्त दिसली की टाळा.

साळनदी

पंखेवाला यांना +१. एकच भर: झाकण उघडण्याआधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा. तो डुलत असेल, टचपॅड वर आला असेल किंवा तळाला फट दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे. अशा वेळी चार्जिंग तिथेच थांबवा आणि उचकटायला पत्र्याचं काही वापरू नका. बॅटरी बदलून घ्या, जुनी ई-कचऱ्यात. टोचून हवा काढण्याचे व्हिडिओ जालावर आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मांडवीकाठ

बॅटरी सपाट आहे. पॅकेज पॉवर २८ वॅट आणि ९९ अंश, म्हणजे पहिला प्रकार. उघडून साफ करतो. पण नवा घ्यायचा आहेच, ४ जीबीत सायबरपंक रडतखडत चालतो. त्याबद्दलही लिहा.

कातळावरचा

आता मूळ प्रश्न. "कुठली कंपनी कमी तापते" याला उत्तर नाही, कारण एकाच कंपनीचे दोन लॅपटॉप या बाबतीत दोन टोकांना असतात. बघायचं ते वॅट आणि हीटसिंक.

पहिली गोष्ट खोलीची. यूट्यूबवरचे बहुतेक रिव्ह्यू २२ ते २४ अंशांच्या खोलीत होतात. तेवढेच वॅट आणि पंख्याचा तेवढाच वेग असेल तर चिप आणि खोली यांच्या तापमानातला फरक जवळपास कायम राहतो. रिव्ह्यूत ग्राफिक्स ७६ अंश दिसलं, खोली २२ ची होती, तर तुमच्या ३२ च्या खोलीत ते ८६ धरा. एनव्हिडियाच्या लॅपटॉप चिपांची मर्यादा बहुतेक ठिकाणी ८७ च्या आसपास असते. तिकडे "छान, गार" ठरलेलं मशीन इकडे काठावर येतं, आणि ज्याला रिव्ह्यूवाल्याने "थोडं गरम" म्हटलंय ते एप्रिल-मेमध्ये वेग टाकणारच. म्हणून रिव्ह्यूतल्या प्रत्येक आकड्यात १० मिळवा आणि मग ठरवा. एसीत बसून खेळणाऱ्याने हा परिच्छेद सोडून द्यावा.

दुसरी गोष्ट ग्राफिक्सच्या वॅटची, ज्याला टीजीपी म्हणतात. लॅपटॉपमधला आरटीएक्स ४०६० एनव्हिडियाने ३५ ते ११५ वॅटच्या पट्ट्यात बनवू दिला आहे, वर डायनॅमिक बूस्ट (प्रोसेसरने सोडलेले वॅट ग्राफिक्सला). म्हणजे ४५ वॅटचा पातळ लॅपटॉप आणि ११५ वॅटचा जाड, दोन्हींच्या खोक्यावर ४०६० च लिहिलेलं. पैसे जवळपास सारखे, फ्रेममध्ये जमीनअस्मानाचा फरक. हा आकडा दुकानाच्या पाटीवर नसतो. कंपनीच्या तपशीलपत्रकात तळाला बारीक अक्षरांत सापडतो. लेनोव्होचं पीएसरेफ नावाचं संकेतस्थळ प्रत्येक मॉडेलची अशी पीडीएफ देतं. इतरांच्या बाबतीत मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन शोधावं लागतं. "टफ", "व्हिक्टस", "नायट्रो" एवढ्या नावावर काहीच ठरत नाही; शेपटीची अक्षरं बदलली की आतलं मशीन बदललेलं असतं.

उलट बाजूही लक्षात असू द्या. ४०६० ला १४० वॅट दिलेत म्हणून भुलायचं कारण नाही. ती चिप साधारण १०० वॅटच्या पुढे व्होल्टेजच्या मर्यादेला अडते आणि गेममध्ये त्याहून फारसं खेचतच नाही. १०० ते ११५ मिळाले की पुरे.

५०६० लॅपटॉप: ४५ ते १०० वॅट, बूस्ट धरून ११५, आणि ८ जीबी जीडीडीआर७. ४०६० पेक्षा कोअर थोडे जास्त (३३२८ विरुद्ध ३०७२), मेमरी वेगवान, वर मल्टी फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमांच्या मध्ये चिपने स्वतः बनवलेल्या फ्रेम). त्या शेवटच्या गोष्टीसाठी मात्र जास्त पैसे मोजू नका: मुळात ६० फ्रेम मिळत असतील तर त्या वाढवून दाखवायला ती बरी, २५ च्या १०० केल्या तर आकडा मोठा दिसतो आणि माऊस चिखलात अडकल्यासारखा चालतो.

४०५० ला ६ जीबीच आहे, आजच्या गेमांत हाय टेक्श्चर लावले की तिथेच अडतं. ५०७० लॅपटॉपलाही ८ जीबीच. १२ जीबी हवेत तर ५०७० टीआय, पण तो या बजेटात नाही.

तिसरी गोष्ट प्रोसेसर, आणि इथेच लोक फसतात. नावापुढे एचएक्स दिसलं की भारी वाटतं. आय७ १३६५०एचएक्स मूळ ५५ वॅटचा, पण उसळी १५७ पर्यंत. तो स्वस्त सांगाड्यात बसवला की जे हीटपाइप ग्राफिक्सनेही वापरायचे ते हाच तापवून ठेवतो. १०८० पीच्या गेमिंगला एच किंवा एचएस वर्गातला ८ कोअरचा रायझन अथवा १० कोअरचा इंटेल भरपूर झाला. एचएक्स घेतलाच तर कंपनीच्या अ‍ॅपमधून त्याला ५५ ते ६५ वॅटवर बांधता येतं का ते आधी तपासा.

आणखी एक छुपा काटा: रायझन ७ ७४३५एचएस. स्वस्त लॅपटॉपांत हा हमखास दिसतो. वेग चांगला आहे, पण त्यात अंतर्गत ग्राफिक्सच नाही. म्हणजे पीडीएफ वाचतानाही एनव्हिडियाची चिप जागी. बॅटरी झटपट उतरते आणि लॅपटॉप रिकामा बसलेलाही कोमट राहतो. हॉस्टेलवर वर्गात घेऊन बसायचा असेल तर हा नको. ७७३५एचएस मध्ये ही अडचण नाही.

वाळपईहून

उत्तम प्रतिसाद. पण पातळ लॅपटॉपांत हल्ली पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं, उष्णता पसरवणारा व्हेपर चेंबर असतो. सरसकट जाडच घ्या म्हणणं मला पटत नाही. दीड-दोन किलोत ४०६० मिळत असेल तर पाठीवर वागवणाऱ्याला तोच बरा ना?

कातळावरचा

लिक्विड मेटल चिपमधून हीटसिंकपर्यंत उष्णता लवकर पोचवतं, हे खरं. पुढे ती हवेत टाकायची ती जाळी आणि पंख्यानेच, आणि त्यांची जागा पातळ सांगाड्यात कमीच. ४५ वॅटचा प्रोसेसर आणि १०० वॅटचं ग्राफिक्स मिळून १४५ वॅट एका वहीएवढ्या जागेतून सतत बाहेर काढायचे आहेत. पातळ सांगाडा ते दोनच प्रकारे निभावतो: वॅट कापून, किंवा पंखे किंचाळवून. २२ अंशांत वॅट थोडे कापावे लागतात, ३२ अंशांत बरेच.

शिवाय लिक्विड मेटल घरी लावण्याच्या फंदात कोणी पडू नये. त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम पोखरतं आणि थेंब बोर्डावर सांडला तर शॉर्ट. कंपनीने लावून दिलेलं असेल तर ठीक, पण असा लॅपटॉप साफ करायला अनोळखी दुकानात द्यायच्या आधी "यात लिक्विड मेटल आहे" हे सांगा.

माझं मत स्पष्ट आहे: एसीशिवायच्या खोलीत २.३ ते २.५ किलोचा, २३-२६ मिलिमीटर जाडीचा, दोन पंख्यांचा आणि मागच्या बाजूला हवा सोडणारा ४०६० हा पातळ ५०७० पेक्षा बरा. अडॅप्टरचा पाऊण किलो वेगळा धरा, २३० वॅटची वीट असते ती.

पंखेवाला

मागून हवा सोडणारा, यावर भर देतो. उजव्या बाजूच्या फटीतून ६०-७० अंशांची हवा आली की माऊसवरचा हात भाजतो. आणि तळाच्या जाळीचे फोटो बघा: काही मॉडेलांत भोकं पंख्यांपुरतीच, बाकी तळ नुसता नक्षीचा. मागची बाजू २-३ सेंटीमीटर उचलली तर बऱ्याच लॅपटॉपांत ३ ते ५ अंश उतरतात. दोन रबरी ठोकळे पुरतात, कूलिंग पॅडला पैसे घालवायची गरज नाही. फोमची कडा असलेले, तळाला चिकटून जोरात हवा भरणारे पॅड वेगळे. त्यांनी १० अंशांच्या आसपास फरक पडू शकतो, पण आवाज मिक्सरचा, आणि धूळही तितक्याच जोरात आत.

कोपऱ्यातला_प्लग

गोव्यात दोन गोष्टी वेगळ्या पडतात आणि त्यांचा विचार खरेदीच्या वेळीच व्हायला हवा: दमट खारी हवा आणि वीज.

आधी दमटपणा. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २६ येतो. म्हणजे २४ च्या एसी खोलीत गार झालेला लॅपटॉप पावसाळ्यात थेट सोप्यावर आणला की त्याच्या पत्र्यावर, आणि आतही, पाणी सुटतं. चष्म्यावर वाफ येते तेच. एसीतून बाहेर काढताना लॅपटॉप बॅगेतच, चेन लावून, अर्धा-पाऊण तास राहू द्या आणि मग सुरू करा. बस एसी असेल तर उतरल्यावरही हेच.

किनाऱ्याजवळ, म्हणजे मिरामार, कळंगुट, कोलवा, वास्कोकडे, खाऱ्या हवेने जाळीचं तांबं काळपटतं, स्क्रूंना गंज चढतो आणि यूएसबीच्या तोंडांवर हिरवट थर येतो. खिडकीच्या थेट समोर टेबल नको. पावसात लॅपटॉप पडून राहणार असेल तर आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालवा. आतली ऊब ओल घालवते. साठवताना सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत, आणि रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापरा. गरम लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र कोंबू नये. डिचोली-सत्तरीच्या बाजूला तांबडी धूळ बारीक असते आणि दमट हवेत ती जाळीवर लेपासारखी बसते, तिकडे सहा महिन्यांनी उघडून बघणं योग्य. बाकीच्यांना वर्षातून एकदा, शक्यतो पाऊस सरल्यावर.

आता वीज. २३० वॅटचा अडॅप्टर पूर्ण भारावर भिंतीतून साधारण २६० वॅट, म्हणजे सव्वा अँपियरच्या आत खेचतो. ६ अँपियरचं साधं सॉकेट चालतं. तिसरी पिन मात्र हवीच. दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला की अर्थिंग गेलं, मग धातूच्या झाकणाला हात लावला की मुंग्या येतात. तो झटका जीवघेणा नसतो, अडॅप्टरमधल्या कपॅसिटरमधून झिरपणारा बारीक प्रवाह असतो. पण हेडफोनमध्ये घरघर, टचपॅड वेडावाकडा, हे सगळं त्यातूनच. जांभ्या कातळावरच्या घरांत उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमकुवत होतं. वायरमनकडून एकदा मोजून घ्या. स्पाइक गार्डसुद्धा अर्थिंग असेल तरच नीट काम करतो.

मे अखेरीस आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, आणि लॅन केबलही. केबल लोक विसरतात.

लॅपटॉपला यूपीएस लागत नाही, त्याची बॅटरी तेच काम करते. वीज गेली की गेम अडखळतो कारण बॅटरीवर ग्राफिक्सला पूर्ण वॅट मिळत नाहीत. हा दोष नाही. विमानात नेता यावी म्हणून लॅपटॉपची बॅटरी १०० वॅट-अवरच्या आत ठेवतात, तिच्यातून दीडशे वॅट सतत ओढायचे नसतात. छोटा यूपीएस राउटरला लावा. घरचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर अडॅप्टर त्यावर चालवा, स्क्वेअर वेव्हवर टाळा.

साळनदी

अवांतर नाही, पण कोणीच बोललं नाही म्हणून: या पैशांत डेस्कटॉप जास्त वेगवान आणि कितीतरी गार पडेल.

मांडवीकाठ

हॉस्टेलवर शक्य नाही. आणि कदंबात कॅबिनेट मांडीवर घेऊन कोण बसणार!

साळनदी

मग विषय संपला. :)

स्क्रीन आणि बाकीचं थोडक्यात. "४५ टक्के एनटीएससी" लिहिलेला पॅनेल घेऊ नका, ते म्हणजे एसआरजीबीचे जेमतेम ६५ टक्के. रंग धुतलेले दिसतात आणि ब्लेंडरला निरुपयोगी. १०० टक्के एसआरजीबी, ३०० निट्स किंवा वर, १४४ हर्ट्झ. १६५ आणि १४४ मधला फरक डोळ्याला कळणार नाही. १०८० पी किंवा १९२० बाय १२०० च घ्या. २५६० बाय १६०० ला पिक्सेल जवळपास दुप्पट, म्हणजे तेवढंच जास्त काम आणि ८ जीबी लवकर भरणार.

मक्स स्विच असावा. गेम चालू असताना चित्र अंतर्गत ग्राफिक्समधून वळसा न घेता थेट जातं, व्हॅलरंटसारख्या गेममध्ये हा फरक चांगला दिसतो.

रॅम १६ जीबी असेल तर ८-८ च्या दोन पट्ट्या. एकच १६ ची पट्टी असली तर प्रोसेसरला निम्मी वाट मिळते, फ्रेम मधूनमधून गचके खातात. पूर्वी आपण सर्रास सांगायचो की ८ चा घ्या आणि बाहेरून वाढवा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, त्यामुळे तो सल्ला आता बाद. हवी तेवढी कंपनीकडूनच घेतलेली बरी. पट्टी बदलता येते की बोर्डावरच सोल्डर आहे, हे मात्र विचारा. एसएसडी ५१२ जीबी चालेल, पण दुसरा एम.२ स्लॉट रिकामा हवा आणि त्याची लांबी २२८० की २२४२ ते बघा.

वाळपईहून

वॉरंटीबद्दल कोणी सांगेल का? ऑनलाइन स्वस्त पडतो, पण बिघडला की?

पंखेवाला

ऑनलाइन घ्या की म्हापसा-मडगावच्या दुकानातून, कंपनीची वॉरंटी सिरियल नंबरवर असते. विचारायच्या गोष्टी वेगळ्या. एक, ऑनसाइट (माणूस घरी येतो) आहे की कॅरी-इन (आपण सेंटरला न्यायचा). ऑनसाइट असेल तर तुमच्या पिनकोडला लागू आहे का, हे कंपनीच्या हेल्पलाइनला विचारा, विक्रेत्याला नाही. दोन, झाकण उघडून रॅम-एसएसडी घालायला आणि पंखा साफ करायला परवानगी आहे का, ते ईमेलवर लेखी. तीन, अपघाती नुकसानीचं संरक्षण. हॉस्टेल म्हटलं की चहा सांडणारच, आणि साधी वॉरंटी सांडलेल्या चहाला लागू नसते. वाढीव वॉरंटी सहसा पहिलं वर्ष संपायच्या आत घेता येते, पण मुदत कंपनीगणिक वेगळी.

डिलिव्हरीच्या वेळी खोक्याच्या सीलपासून न थांबता व्हिडिओ काढा, सिरियल नंबर खोक्यावर आणि तळाला जुळतो ते त्यात दिसू दे.

मग परत करायची मुदत संपण्याआधी ही कसोटी:

विंडोजचे आणि एनव्हिडियाचे अपडेट आधी पूर्ण होऊ द्या, ते चालू असताना घेतलेले आकडे फसवे. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये हेल्पखाली सिस्टिम इन्फॉर्मेशन उघडा; मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर तिथे लिहिलेली असते. तपशीलपत्रकाशी जुळली पाहिजे.

परफॉर्मन्स मोड लावा (लेनोव्होच्या लीजन आणि एलओक्यू लॅपटॉपांत एफएन आणि क्यू एकत्र दाबून बदलतो), चार्जर मूळचाच. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी चाचणी) दहा मिनिटं चालवा आणि पॅकेज पॉवर लिहून ठेवा. पहिल्या अर्ध्या मिनिटात ती उंच जाऊन खाली येणारच, बघायचं ते शेवटच्या पाच मिनिटांत ती कुठे टिकते. मग सायबरपंकचा अंगभूत बेंचमार्क लागोपाठ अर्धा तास. पहिल्या आणि शेवटच्या फेरीत ५ टक्क्यांहून जास्त घसरण असेल तर कूलिंग कमी पडतंय. ही कसोटी दुपारी, नेहमीच्या खोलीत, एसी न लावता घ्या.

प्रोसेसरच्या कोअरांमध्ये एकमेकांत १५-२० अंशांचा फरक कायम दिसत असेल तर हीटसिंक तिरका बसलाय. असा पीस बदलून घ्यायचा, स्वतः उघडायचा नाही. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीचे चालू तास बघा, शेकड्यांत असतील तर तो कोणाचा तरी परत आलेला माल. काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण पडदे लावून मृत पिक्सेल शोधा, काळा अंधारात.

मांडवीकाठ

जुना उघडला. जाळीवर खरंच गादी होती. साफ करून एमएक्स-६ पेस्ट लावली (पीटीएम मिळाली नाही), आता ४३ वॅटला ८६ अंश, क्लॉक ३.६ च्या वर. एका पंख्याचं बेअरिंग मात्र करकरतंय. देव बरें करूं.

नव्यासाठी दोन उरले आहेत. "क": ५०६०, टीजीपी बूस्टसकट ८५ वॅट, एचएक्स प्रोसेसर, १.९ किलो, १ लाख १८ हजार. "ख": ४०६०, ११५ वॅट, रायझन ७ एचएस, २.४ किलो, २३० वॅट अडॅप्टर, १ लाख ६ हजार. दोन्हींना ८-८ ची रॅम आणि १०० टक्के एसआरजीबी.

कातळावरचा

ख.

क मधला ५०६० कागदावर पुढे आहे, पण ८५ वॅटमध्ये बूस्ट धरलेला आहे, आणि बूस्ट तेव्हाच मिळतो जेव्हा प्रोसेसर आपल्या वाटचे वॅट सोडतो. एचएक्स ते सहजी सोडत नाही. १.९ किलोचा सांगाडा, ३२ अंशांची खोली. मे महिन्यात तो ७० वॅटवर उतरला तर नवल वाटू नये. उरलेल्या १२ हजारांत वाढीव वॉरंटी आणि अपघाती संरक्षण बसवा, किंवा दुसरी एसएसडी.

तरी दुकानात क बघायला मिळाला तर तळाची जाळी आणि मागची फट स्वतः बघून घ्या. फोटोत सगळेच मोकळे दिसतात.

कोपऱ्यातला_प्लग

ख घेतल्यावर पहिल्याच दिवशी: कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर अडवा. सतत प्लगला असलेली गरम बॅटरी १०० टक्क्यांवर ठेवणं हे तिला फुगवायचं सर्वांत सोपं साधन. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये मॅक्स फ्रेम रेट १४१ करा, व्हॅलरंटमध्ये ४०० फ्रेम काढून १४४ हर्ट्झच्या स्क्रीनला काही मिळत नाही, नुसती उष्णता. सायबरपंकला ६० किंवा ७२ वर बांधा.

वर्गात आणि वाचनालयात वापरताना पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के ठेवा. टर्बो बंद होतो, पंखे जवळजवळ गप्प बसतात. गेमला पुन्हा १००. ही ओळ काही नव्या लॅपटॉपांत लपवलेली असते, तिथे कंपनीच्या अ‍ॅपमधला सायलेंट मोड तेच काम करतो.

हॉस्टेलवर टाइप-सी चा १०० वॅटचा चार्जर पुरेल का असं पुढे विचारणारच, म्हणून आत्ताच: अभ्यासाला पुरेल, गेमला नाही. आणि तो पोर्ट चार्जिंग घेतो का हे आधी तपशीलपत्रकात बघा, काही गेमिंग लॅपटॉपांत टाइप-सी फक्त डेटा आणि डिस्प्लेसाठी असतो.

वाळपईहून

जुन्या लॅपटॉपचं काय करणार? ९३००एच चं व्होल्टेज कमी करणं बायोसने लॉक केलं नसेल तर थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमधून कोअर आणि कॅश दोन्हींना उणे ८० मिलिव्होल्ट देऊन बघा. निळा पडदा येऊन विंडोज बंद पडलं नाही तर दहादहाने उणे १२० पर्यंत. ८६ चे ८० सहज होतील.

पंखेवाला

त्याआधी पंखा बदला. करकरणारं बेअरिंग आज ना उद्या अडकणार. पंख्याच्या मागच्या स्टिकरवरचा पूर्ण क्रमांक, पिनांची संख्या (तीन की चार) आणि व्होल्टेज (५ की १२) जुळवूनच मागवा. डावा आणि उजवा पंखा वेगळे असतात, दोन्हींचे फोटो काढून ठेवा.